किल्लीवालीसाठी चार हजार किल्ल्या

...आणि वर मलाच म्हणतात, "काका, एवढं काय मनाला लावून घेता, मालिकाच तर होती." मालिकाच तर होती. बरं. तुम्हाला सांगतो, माझं वय अठ्ठावन्न, आणि त्यातली चौतीस वर्षं मी लोकांच्या कवळ्या बनवण्यात घालवली. दाताच्या दवाखान्याखाली तळघरात एक खोली असते ना, जिच्याकडे पेशंटचं कधी लक्ष जात नाही, तिथं बसणारा माणूस मी. वर डॉक्टर जबड्याचा साचा घेतात, खाली मी मेणात एकेक दात मांडतो, गुलाबी हिरड्या चढवतो, घासतो, चकचकीत करतो, वर पाठवतो. पेशंट आरशात बघतो, हसतो, डॉक्टरांचे आभार मानतो आणि जातो. माझी तक्रार नाही. चौतीस वर्षांत कुणी मला ओळखलं नाही, मीही कुणाला ओळख दिली नाही, सगळं कसं सुखात चाललं होतं. आणि या वर्षी पेपरात फोटो आला. तो कसा आला ते ऐका, आणि मग सांगा मला, मनाला लावून घेऊ का नको.

तर 'किल्लीवाली' नावाची मालिका होती. तुम्ही बघितली नसेल. कुणीच बघत नव्हतं असं चॅनेलवाल्यांचं म्हणणं, त्याच्यावर मी येतो नंतर. रोज संध्याकाळी साडेसात ते आठ. एक बाई असते, तिचा नवरा सात वर्षांपूर्वी घरातून निघून गेलेला, त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान ती चालवते. झालं. एवढीच गोष्ट. कुणी कुणाला विष घालत नाही, कुणी जिन्यावरून ढकलत नाही, कुणाची स्मृती जात नाही आणि लग्नाच्या दिवशी परत येत नाही. लोक अडलेली कुलपं घेऊन येतात, ती कानाशी धरते, हळूच हलवते, म्हणते, "कुलूप वाईट नसतं हो, त्याचं ऐकून घेणारं कुणी भेटलेलं नसतं," आणि उघडून देते. फक्त मागच्या खोलीत नवऱ्याची एक लोखंडी पेटी असते, ती मात्र तिच्याच्यानं उघडत नाही. दोनशे अकरा भाग उघडत नाही. आणि दोनशे बाराव्या भागात, गुरुवारी, तिनं किल्ली घासली, पेटीत घातली, फिरवायला लागली, अर्धी फिरली... आणि खाली पट्टी आली, 'पुढील भाग उद्या'.

आणि मी विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी काम लवकर आटपून, हात धुऊन, सव्वासातपासून टीव्हीसमोर. साडेसात झाले. ढोल वाजले. मला वाटलं जाहिरात आहे. एका बंगल्याच्या जिन्यावरून दोन बाया उतरल्या, एकीनं दुसरीकडे बघितलं, वीज कडाडली. घरात, बरं का, वीज कडाडली. मी हिला हाक मारली, "अगं, चॅनेल बदललं का तू?" ही आतून म्हणाली, "चॅनेल नाही हो, मालिका बदलली. सकाळपासून दाखवतायत, नवीन आहे, दोन जावांची." मी म्हटलं, "आणि आमची?" ही म्हणाली, "तुमची बंद केली." असं सांगितलं, जसं काही दूधवाला आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मालिकाच तर होती. थांबा. यात माझी ताई आहे.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मला तिनं वाढवलं, शाळेत तिनं घातलं, हे दात बनवायचं कामही तिनंच ओळखीनं लावून दिलं. आणि ताई माझ्याशी अकरा वर्षं बोलत नव्हती. कारण विचारा. कारण दात. तिचे सगळे दात काढायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, तुझी कवळी मी बनवणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. दोन महिने घेतले मी. दोन महिने, ज्यात मी लोकांच्या चाळीस कवळ्या केल्या असत्या. ताईच्या समोरच्या दोन दातांत लहानपणापासून एक फट होती, ती फटसुद्धा मी तशीच ठेवली, मिलिमीटरपर्यंत मोजून, जुने फोटो भिंगाखाली धरून. ताईनं घातली, आरशात बघितलं, म्हणाली, "टोचतेय." मी म्हटलं, "होईल सवय." दोन आठवड्यांनी परत, "टोचतेय." मी घासून दिली. परत टोचतेय. आणि मग पुतणीच्या लग्नात ताई हॉलच्या त्या टोकाला उभी, कुणाशी तरी हसली, आणि मी या टोकावरून बघितलं. तुम्हाला माणूस चालीवरून ओळखू येतो ना, तसा मला कारागीर दातांवरून येतो. ते दात माझे नव्हते. एकसारखे, पांढरेफटक, फट नाही, काही नाही, पियानोच्या पट्ट्या जशा. माझं डोकं फिरलं. मी तिथूनच, सगळ्यांच्या जेवणाच्या टेबलांवरून, मोठ्यानं विचारलं, "ताई, कुणाचे दात घातलेस?"

दोनशे माणसं. सगळी हसली. ताई सोडून. ताईनं तोंड मिटलं ते मिटलंच. माझ्यासाठी अकरा वर्षं मिटलं.

माफी? नाही मागितली. खरं तेच सांगतो. मला वाटायचं तिनं मागायला हवी. दोन महिने घालवले होते मी.

मग मागच्या वर्षी एका संध्याकाळी आठला पाच कमी असताना फोन वाजला. उचलला. हॅलो नाही, कसा आहेस नाही, थेट प्रश्न, "अरे, ती पितळी किल्ली तिला कुणी दिली? आमच्याकडे लाइट गेली मधेच." अकरा वर्षांनी ऐकलेला आवाज. मी स्टुलावर बसलोच. म्हटलं, "पोस्टमननं. पोस्टमननं दिली, ताई." ती म्हणाली, "मला वाटलंच. त्याच्या डोळ्यांत दिसत होतं." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी आठला मी लावला. तिसऱ्या दिवशी तिनं. असं दीडशे भाग. रोज दहा मिनिटं, फक्त किल्लीवाली. पेटीत काय असेल, नवरा जिवंत असेल का, पोस्टमनच्या मनात काय आहे. दातांचा विषय नाही, लग्नाचा नाही, अकरा वर्षांचा नाही. तिचा गुडघा दुखतो हेसुद्धा मला कसं कळलं, तर किल्लीवाली जिना चढत होती आणि ताई म्हणाली, "हिला बरं चढवतं." आम्हाला बोलायला एवढी एक मालिका होती हो. तेवढीच एक.

ती बंद केली. कुणी विचारलं नाही.

त्या शुक्रवारी आठ वाजता फोन वाजला. ताई म्हणाली, "काय रे हे, धाकट्या?" मी म्हटलं, "बंद केली गं." सांगायला भाग नव्हता, तर बोलायचं काय? ती म्हणाली, "बरं मग," आणि मी म्हटलं, "हं, बरं." त्या 'बरं'वर फोन ठेवला. म्हटलं, ही मालिका परत आणायची. काय वाट्टेल ते झालं तरी.

आता योगायोग बघा. सोमवारी दवाखान्यात एक निवृत्त हेडमास्तर आले, खालची कवळी हलते म्हणून. डॉक्टरांनी त्यांना खाली पाठवलं. मी कवळी हातात घेतली, म्हटलं, ही तर चावून चावून झिजवलीत तुम्ही, काय खाता काय. तर हेडमास्तर बिनदातांचे, म्हणाले, "राग खातो. माझी एक मालिका बंद केली मेल्यांनी." मी घासायचं मशीन बंद केलं. म्हटलं, "कुठली?" बस, त्या क्षणापासून आम्ही दोघं एक झालो. हेडमास्तरांनी फोनवर गट काढला, 'पेटी उघडा' नावाचा. मला वाटलं होतं जगात बघणारे दोघंच, मी आणि ताई. आठवड्यात दोन हजार माणसं. परिचारिका, गवंडी, एक वकीलबाई, एक जण तर जहाजावर होता. आणि युक्ती कुणाची, तर ताईची. म्हणाली, "प्रत्येकाच्या घरात अशा किल्ल्या असतात ज्यांची कुलपं कुठं गेली ठाऊक नसतं आणि टाकवतही नाहीत. त्या सगळ्या पाठवा चॅनेलला. म्हणावं, बघा यातली कुठली लागते ते." आता रोज आठला ताईचा फोन, "आज किती गेल्या?" मी आकडा सांगायचा. बोलायला विषय मिळाला होता परत. मी तर घरातला ड्रॉवरच्या ड्रॉवर पाकिटात ओतला. त्यात कपाटाचीही किल्ली गेली, ज्या कपाटात माझे बरे कपडे. हे दोन दिवसांनी कळलं. ही म्हणाली, "आंदोलन करा हो, पण पँट घालून करा." असो.

चार हजार एकशे सव्वीस किल्ल्या. हेडमास्तरांनी वहीत मांडल्यात. चॅनेलच्या दारावरच्या रखवालदारानं त्या बादल्यांत भरून ठेवल्या, मी जाऊन बघून आलो, सात बादल्या. रखवालदार म्हणाला, "साहेब विचारतायत, या कुठं टाकायच्या." मी म्हटलं, "पेटीत."

आणि मग आली ती बातमीवाली. मोठ्या पेपरातली. मुलीच्या वयाची, गोड बोलणारी, तळघरात आली, माझ्या स्टुलावर बसली, प्लास्टरचा एक जबडा हातात घेतला आणि विचारलं, "काका, आधी वरचे दात लावतात का खालचे?" तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. बायकोनं नाही, डॉक्टरांनी नाही. मी अडीच तास बोललो. ती लिहून घेत होती, मान हलवत होती. म्हणाली, "माझी आईसुद्धा बघायची हो किल्लीवाली, ती रडलीच." झालं. मी विरघळलो, मेणासारखा. ती म्हणाली, "तुम्हाला एवढं का वाटतं या मालिकेबद्दल?" आणि मी सांगितलं. ताई सांगितली. लग्न सांगितलं, फट सांगितली, अकरा वर्षं सांगितली. आणि म्हटलं, "पण बेटा, हे छापायचं नाही हं. ताईला आवडणार नाही." तिनं पेन बाजूला ठेवलं. ठेवलं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. म्हणाली, "नाही हो काका, हे आपल्या दोघांतलं."

आणि मी विश्वास ठेवला.

जाताना म्हणाली, फोटो काढू. मी म्हटलं, कपडे बदलतो. मग आठवलं, कपाट बंद. तसाच उभा राहिलो, एप्रनवर, भुवयांवर, सगळीकडे गुलाबी भुकटी. "हातात एखादी कवळी धरा ना काका, कामाचं वाटेल." धरली. आणि ती भुकटी नाकात गेली, शिंक यायला लागली, तोंड उघडलं... आणि तिनं तेवढ्यात बटण दाबलं. मी म्हटलं, परत काढ. म्हणाली, "काढते ना, दहा काढते." दहा काढले. छापला कुठला? पहिला.

रविवारी पेपर आला. हिनं उघडला आणि माझ्यासमोर न ठेवता मांडीवर ठेवला. तेव्हाच मला कळलं. मथळा काय, तर 'मालिका बंद, काकांनी दात-ओठ खाल्ले'. खाली मी. तोंड आ वासलेलं, हातात कवळी, जणू माझ्याच तोंडातून पडली आहे आणि मी ती झेललीय. वय सदुसष्ट. अठ्ठावन्नाचे सदुसष्ट केले एका रात्रीत. 'निवृत्त.' ती आली त्या दिवशी मी तीन कवळ्या पूर्ण केल्या होत्या. किल्ल्या किती? 'काही डझन.' चार हजार एकशे सव्वीस म्हणजे काही डझन होतात का हो? होत असतील, भागून बघितलं तर होतातही, पण कुणी तसं मोजतं का? आणि मी तिला म्हटलं होतं, "घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं असं मी म्हणणार नाही, तो वेडेपणा होईल." पेपरात छापलं, "घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं." अवतरण चिन्हं घालून. नंतरचं सगळं कापलं. माझंच वाक्य, माझ्याच तोंडचं, आणि खोटं. मी इतकी वर्षं खोटे दात बनवतो, ते खऱ्यासारखे दिसावेत म्हणून जीव काढतो. यांनी खरे दात उपटून खोटे बसवले.

आणि शेवटचा परिच्छेद. शेवटच्या परिच्छेदात ताई. 'कवळीवरून अकरा वर्षं अबोला धरलेल्या या बहीण-भावाला मालिकेनं जोडलं...' लग्न, हॉल, "कुणाचे दात घातलेस," सगळं. शब्दाला शब्द. या वेळी एकही चूक नाही. ज्या ठिकाणी चुकायला हवं होतं तिथं मुलगी अचूक निघाली.

संध्याकाळी बातम्यांच्या चॅनेलवाल्यांनी ते उचललं. एक तज्ज्ञ बसवले होते, ते म्हणाले उतारवयात माणसं पडद्यावरच्या पात्रांना खरी समजू लागतात, काळजी घ्यायला हवी. शेजारी माझा फोटो, आ वासलेला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जो पेशंट येई तो डॉक्टरांना विचारी, "ते खाली बसतात का हो?" चौतीस वर्षांत पहिल्यांदा लोक तळघरात डोकावून गेले.

मी त्या मुलीला फोन केला. ओरडायचं ठरवून केला होता. ती म्हणाली, "काका, मथळा मी नाही दिला, वरच्यांनी दिला. वाक्यही त्यांनीच कापलं." मी म्हटलं, "आणि ताईचं? तेही वरच्यांनी लिहिलं?" मग म्हणाली, "ते मी लिहिलं. ते... फार चांगलं होतं काका. सोडवेना." आता यावर काय ओरडायचं? मी फोन ठेवला. मलाही ताईच्या दातांवरून ते वाक्य लग्नात सोडवलं नव्हतंच की. पण ते कळून घ्यायची माझी तेव्हा तयारी नव्हती. तेव्हा मी फक्त फसवला गेलो होतो.

त्या रविवारी आठ वाजता फोन वाजला नाही. सोमवारी नाही. मी लावला, तिनं उचलला नाही. नऊ दिवस. ही म्हणाली, "अहो, जाऊन या की." मी म्हटलं, "कुठल्या तोंडानं?" ही म्हणाली, "आहे तेच घेऊन जा, सगळ्यांनी बघितलंय ते."

तेवढ्यात चॅनेलकडून बोलावणं आलं. मी आणि हेडमास्तर. काचेची खोली, मऊ खुर्च्या, चहा, बिस्किटं. साहेब स्वतः उठून दारापर्यंत आले. म्हणाले, "तुमच्या भावना पोहोचल्या. किल्ल्याही पोहोचल्या. प्लीज आणखी नको." मग म्हणाले, मालिका परत सुरू करणं शक्य नाही, पण प्रेक्षकांचा मान ठेवून एक शेवटचा भाग करतोय, खास, पेटी उघडणार. हेडमास्तरांनी विचारलं, "नक्की उघडणार?" साहेबांनी छातीवर हात ठेवला. "उघडणार म्हणजे उघडणार."

आणि मी... हो. ठेवला. परत.

मी ताईच्या फोनवर निरोप लिहिला, 'रविवारी साडेसात, शेवटचा भाग, पेटी उघडणार.' म्हटलं आता तर ती बघेल, आता तर आठला फोन येईल. रविवारी आमच्या घरी गटातली दहा-बारा माणसं जमली, हेडमास्तर तर नवीन कवळी घालून आले. भाग सुरू झाला. पहिली पंधरा मिनिटं जुनेच तुकडे, हे आठवतं का, ते आठवतं का. अहो, आठवतं म्हणून तर आलोय. मग एकदाची मागची खोली. पेटी. किल्ली. किल्ली फिरली, आवाज झाला, झाकण वर गेलं... आणि कॅमेरा किल्लीवालीच्या तोंडावर. तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला, डोळ्यांत पाणी आलं, ती हसली. समाप्त.

आत काय होतं? पेटीत काय होतं? कुणी दाखवलं नाही. उघडणार म्हणाले, उघडली. दाखवणार कुठं म्हणाले होते. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात म्हणतात, यांनी तर दाखवायचेही ठेवले नाहीत. हेडमास्तर हळूच म्हणाले, "हसली म्हणजे काहीतरी चांगलंच असेल." त्यांचं मन मोठं. माझं लक्ष फोनकडे होतं. आठ वाजले. सव्वाआठ वाजले. फोन नाही.

मग दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगून पाचलाच निघालो. बसनं अडीच तास. तिच्या दाराशी पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. दार नुसतं लोटलेलं. आतून ढोल ऐकू आले. वीज कडाडली. मी दार ढकललं. ताई खुर्चीत, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी, आणि समोर... दोन जावांची मालिका. ज्या मालिकेनं आमची मालिका खाल्ली ती. ताईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बस. जाहिरात लागेपर्यंत बोलू नकोस."

मी बसलो. मोठी जाऊ धाकटीच्या दुधात काहीतरी मिसळत होती. मी बघत नव्हतो, तरी दिसत होतं. जाहिरात लागली. ताईनं आवाज कमी केला.

"वाचलं मी पेपरात," म्हणाली.

मी म्हटलं, "ताई, ती म्हणाली होती छापणार नाही."

"तिचं सोड. तिनं जे घडलं तेच लिहिलं. फक्त तू कधी माफी मागितली नाहीस, ते नाही लिहिलं. ते लिहायला हवं होतं."

मी खाली बघत होतो. फरशीवर तिच्या सपाता. मी म्हटलं, "टोचत होती तर मी परत केली असती. तू दुसऱ्याकडे गेलीस म्हणून मी..."

"टोचत नव्हती," ताई म्हणाली. "अजिबात टोचत नव्हती. लोण्यासारखी बसली होती. अरे, ती फट. शाळेत त्या फटीवरून मला काय काय म्हणायचे तुला ठाऊक नाही, तू जन्मलाही नव्हतास. पन्नास वर्षं मी हात तोंडावर धरून हसले. सगळे दात गेले तेव्हा एकच बरं वाटलं, म्हटलं गेली एकदाची. आणि तू मापं घेऊन परत बसवलीस. आता दोन महिने राबलेल्या भावाला हे सांगायचं कसं? म्हणून म्हणत होते, टोचतेय."

अकरा वर्षं, तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं मी त्या कवळीत टोचणारी जागा शोधत होतो. मनातल्या मनात. माझ्याकडे तिचा साचा अजून आहे, फळीवर, कितीदा काढून बघितलाय.

मी म्हटलं, "मला ती फट म्हणजेच तू वाटायचीस. तू हसलीस की पहिली तीच दिसायची मला. लहान होतो मी."

मग मी म्हटलं. जे लग्नात म्हणायला हवं होतं, निदान दुसऱ्या दिवशी तरी, ते. "चुकलं माझं, ताई. सगळ्यांसमोर तुला तसं बोललो. चुकलं."

तिचे डोळे भरले. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि मी म्हटलं आता ताई बोलणार, अकरा वर्षांचं बोलणार...

"श्श," म्हणाली. "लागलं."

आणि आवाज मोठा केला.

बाकीचा भाग आम्ही गप्प बघितला. संपल्यावर मी विचारलं, "ताई, तू हे कधीपासून बघतेस?" म्हणाली, "पहिल्या दिवसापासून." मी म्हटलं, "पहिल्या? आपण किल्ल्या पाठवत होतो तेव्हाही?" म्हणाली, "साडेसातला मी काय करू मग? भिंतीकडे बघू?" मी म्हटलं, "आणि किल्लीवाली?" तर ताई, जिनं चार हजार किल्ल्यांची युक्ती काढली ती ताई, चहा टाकायला उठत म्हणाली, "बरी होती रे. पण जरा संथ होती."

संथ होती. चॅनेलनं फसवलं, पेपरनं फसवलं, साहेबांनी छातीवर हात ठेवून फसवलं, ते मी समजू शकतो, ती परकी माणसं. पण ही...

आता दोन महिने झाले. रोज आठला फोन येतो. आणि बोलायचं तर बघायला लागतं, म्हणून मी बघतो. वीज कडाडते, सासऱ्याची स्मृती गेलीय, बघतो. इकडे आमच्या गटानं त्या मालिकेवर बहिष्कार टाकलाय आणि त्या बहिष्काराचा अध्यक्ष मी आहे. परवाच सभा होती, हेडमास्तरांच्या घरी, संध्याकाळी सहाला. मी जोरदार भाषण केलं. विश्वासघात, प्रेक्षकांचा अपमान, आपल्यापैकी एकानंही ती मालिका बघता कामा नये. टाळ्या पडल्या. पण डोळा घड्याळावर. सात वाजले, सव्वासात झाले, मला घाम फुटला. शेवटी उठून चाचरत म्हटलं, "मंडळी, मला जरा घरी काम आहे, सभा आजच्यापुरती आटपावी असं मी सुचवतो."

ठराव एकमतानं पास झाला हो. कुणी चर्चासुद्धा मागितली नाही. सात वाजून सतरा मिनिटांनी खोलीत हेडमास्तर सोडून कुणी नव्हतं, आणि रिमोट त्यांच्या हातात होता.